घडीच्या चाकूतील कृशता आणि लाघव

ज्या चाकूचे पाते सांध्याभोवती फिरून मुठीत मिटते, मिटल्यावर ज्याची धार पूर्णपणे झाकली जाते आणि उघडल्यावर ज्याचे पाते एका निश्चित स्थानी थांबते, त्यास या विवेचनात ‘घडीचा चाकू’ म्हटले आहे. तिन्ही लक्षणे आवश्यक आहेत. अडकित्त्याचे पाते सांध्याभोवती फिरते, पण त्याची धार मुठीत जात नाही. कागद कापण्याच्या कटरची धार झाकली जाते, पण ते पाते सरकते, फिरत नाही. न्हाव्याच्या जुन्या वस्तऱ्यात पहिली दोन लक्षणे आढळतात, तिसरे आढळत नाही. त्याचे पाते हव्या त्या कोनात धरता येते. खटक्याचा चाकू व्याख्येत बसतो, परंतु त्याचे पाते स्प्रिंगच्या जोराने उघडते व त्याची रचना वेगळ्याच हेतूने ठरते. तो प्रकार येथे विचारात घेतलेला नाही.

आता दोन गुणांच्या व्याख्या. मिटलेल्या चाकूची पात्याच्या प्रतलाला लंब असलेल्या दिशेतील जाडी जितकी कमी, तितकी त्याची कृशता अधिक. चाकूचे एकूण वजन जितके कमी, तितके त्याचे लाघव अधिक. हे दोन गुण बोलण्यात एकत्र येतात, म्हणून ते एकच असल्याचा समज होतो. वस्तुतः ते परस्परांपासून स्वतंत्र आहेत. फ्रान्सच्या साव्हा प्रांतात १८९० साली जोसेफ ओपिनेल यांनी घडवलेल्या चाकूचा आजचा ८ क्रमांकाचा नमुना सुमारे ४५ ग्रॅम वजनाचा आहे. पण त्याची बीच लाकडाची गोलसर मूठ सुमारे २ सेंटिमीटर जाड आहे. तो हलका आहे, कृश नाही. याउलट पोलादी पत्र्याची मूठ असलेला चाकू पाटीसारखा चपटा असूनही खिसा ओढणारा असू शकतो. दोन्ही गुण एकाच वस्तूत आणणे ही रचनेची खरी समस्या आहे आणि पुढील विवेचन तिच्यापुरतेच मर्यादित आहे.

उदाहरणादाखल अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातील बेंचमेड या कारखान्याचा ‘बगआउट’ हा चाकू घेतला आहे. तो २०१७ साली बाजारात आला. त्याचे पाते सुमारे ८२ मिलिमीटर लांब व २.३ मिलिमीटर जाड आहे; मिटल्यावर लांबी १०७ मिलिमीटर, मुठीची जाडी सुमारे १०.७ मिलिमीटर आणि वजन सुमारे ५२ ग्रॅम. तो सर्वोत्तम आहे म्हणून निवडलेला नाही. त्याच्या प्रत्येक भागात काटकसरीचे कारण आणि त्या काटकसरीची किंमत दोन्ही स्पष्ट दिसतात, म्हणून निवडला आहे.

प्रथम लांबी, कारण तिच्याबाबत रचनाकाराला फारसे स्वातंत्र्य नाही. पाते मुठीत मावले पाहिजे आणि सांध्याच्या भोवती मुठीला काही मांस उरले पाहिजे. बगआउटमध्ये पाते मिटलेल्या लांबीच्या सुमारे ७७ टक्के आहे. ओपिनेलच्या ८ क्रमांकात पाते ८५ मिलिमीटर व मिटलेली लांबी ११० मिलिमीटर आहे, म्हणजे प्रमाण पुन्हा सुमारे ७७ टक्केच. शंभरांहून अधिक वर्षांच्या अंतराने व सर्वस्वी भिन्न द्रव्यांतून बनलेल्या दोन वस्तूंत हे प्रमाण जुळते, यावरून लांबीतील बचतीला वाव किती थोडा आहे हे कळते. रुंदीचा विचार लॉकच्या संदर्भात करावा लागेल. राहते जाडी.

घडीच्या चाकूची जाडी ही थरांची बेरीज असते. सांध्याच्या ठिकाणी चाकू आडवा छेदला आहे अशी कल्पना केली, तर आधुनिक चाकूत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना क्रमाने सात थर लागतात: मुठीचे बाह्य आवरण, त्याच्या आतील धातूचा लायनर म्हणजे अस्तर, वॉशर, पाते, पुन्हा वॉशर, पुन्हा लायनर, पुन्हा आवरण. ही बेरीज कमी करण्याचे मार्ग दोनच. पहिला, प्रत्येक थर पातळ करणे. दुसरा, थरांची संख्या कमी करणे. पहिला मार्ग सर्वांना सुचतो आणि लवकर संपतो. विशिष्ट मर्यादेपलीकडे पातळ केलेला थर वाकतो, झिजतो किंवा स्क्रूचे आटे धरू शकत नाही. चाकूच्या रचनेतील महत्त्वाच्या सुधारणा बहुतांशी दुसऱ्या मार्गाने झालेल्या आहेत.

जपानमधील ह्योगो प्रांतातील मिकी येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बनणारा हिगोनोकामी हा या मार्गाचा टोकाचा नमुना होय. त्याची मूठ म्हणजे पन्हळीसारखा दुमडलेला धातूचा एकच पत्रा. आवरण नाही, लायनर नाही, स्प्रिंग नाही. पात्याच्या बुडाला मागे आलेली एक छोटी जीभ असते; ती अंगठ्याने दाबून धरायची, म्हणजे पाते उघडे राहते. यंत्रातील एका थराचे काम येथे वापरणाऱ्याच्या अंगठ्याकडे सोपवलेले आहे.

कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १८९७ साली नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूतही हाच विचार वेगळ्या रूपाने आढळतो. तेथे मुठीच्या पाठीकडील एकच स्प्रिंग दोन्ही कडांवरील हत्यारांना धरते. प्रत्येक हत्याराला स्वतंत्र स्प्रिंग दिली असती, तर तो चाकू खिशात मावणारा राहिला नसता. त्या चाकूची कीर्ती हत्यारांच्या संख्येमुळे झाली. रचनेच्या दृष्टीने त्याचे श्रेय न वाढवलेल्या स्प्रिंगांना जाते.

या उदाहरणांतून नियम असा निघतो: एका थराला एकाहून अधिक कार्ये दिली की थर कमी होतात. अमेरिकेतील मायकेल वॉकर यांनी १९८०च्या दशकात रूढ केलेल्या लायनर लॉकमध्ये लायनरचीच एक पट्टी कापून किंचित आत वाकवलेली असते. पाते उघडले की ती त्याच्या बुडामागे सरकते व त्याला मिटू देत नाही. अस्तर आणि कुलूप अशी दोन कार्ये येथे एका पत्र्यात आली. मूळचे दक्षिण आफ्रिकेतील आणि पुढे अमेरिकेतील आयडाहो राज्यात स्थायिक झालेले क्रिस रीव्ह यांनी हा विचार आणखी पुढे नेला. त्यांच्या सेबेंझा या चाकूत टायटॅनियमचे जाड पाटेच मूठ, तेच अस्तर आणि तेच लॉक. त्यातील एका ठिकाणी धातू कोरून पातळ केला आहे, म्हणून तेवढाच भाग स्प्रिंगसारखा लवतो. एका थराकडे तीन कार्ये सोपवणारी ही ‘फ्रेम लॉक’ रचना शास्त्रदृष्ट्या अतिशय नितळ आहे. तिचा दोष लाघवाच्या बाजूने आहे: पाट्याला पुरेशी जाडी द्यावीच लागते आणि टायटॅनियमची घनता पोलादाच्या निम्म्याहून थोडी अधिक असली, तरी नायलॉनच्या कित्येक पट आहे.

येथून लाघवाचा विचार सुरू होतो. चाकू हलका करायचा म्हणजे पाते हलके करायचे, ही स्वाभाविक कल्पना गणिताने तपासता येते. ८२ मिलिमीटर लांब, सरासरी २० मिलिमीटर रुंद आणि पाठीकडे २.३ मिलिमीटर जाड असून धारेकडे निमुळते होत जाणारे पाते घेतले, तर बुडासह त्याचे आकारमान सुमारे २.८ घन सेंटिमीटर आणि वजन सुमारे २२ ग्रॅम येते. तेच पाते ३.५ मिलिमीटर जाड केले, तर वजन साधारण ११ ग्रॅमनी वाढते. आता १०५ मिलिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद व १.२ मिलिमीटर जाड असे पोलादाचे दोन अखंड लायनर घ्यावेत. त्यांचे आकारमान सुमारे ५ घन सेंटिमीटर आणि वजन ३९ ग्रॅम भरते. बाहेरून न दिसणारे अस्तर पात्याहून पाऊणपट अधिक जड आहे. पात्यातून ११ ग्रॅम वाचवणारा आणि अस्तर तसेच ठेवणारा रचनाकार चुकीच्या जागी काटकसर करत असतो.

बगआउटमध्ये म्हणूनच पोलादी लायनर मुठीच्या पूर्ण लांबीभर जात नाहीत. सांधा आणि लॉक यांच्याभोवती जेवढा धातू हवा तेवढाच ठेवला आहे आणि तो काचतंतूमिश्रित नायलॉनच्या आवरणात खोदलेल्या खळग्यात बसवला आहे. यात दोन लाभ एकदम साधतात. लांबी कमी केल्याने वजन वाचले. खळग्यात बसवल्याने आवरण आणि लायनर हे दोन थर जाडीच्या हिशेबात जवळजवळ एक झाले. मागच्या भागात फक्त नायलॉनच्या दोन पट्ट्या उरतात, त्यांच्यामध्ये अंतर राखणारे छोटे खांब असतात आणि बाकी पोकळी. पोकळीला वजन नसते आणि खिशातली धूळ तिच्यातून गळून जाते.

या काटकसरीची किंमत ताठरपणाच्या रूपाने मोजावी लागते. पट्टीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. हा नियम पात्याला लावला, तर ३.५ मिलिमीटरवरून २.३ मिलिमीटरवर आलेल्या पात्याचा बाजूला वाकण्याविरुद्धचा ताठरपणा सुमारे २८ टक्केच उरतो. परंतु कापताना जोर बाजूला पडत नाही. तो पाठ व धार यांना जोडणाऱ्या दिशेत पडतो आणि त्या दिशेत ताठरपणा केवळ जाडीच्या समप्रमाणात, म्हणजे ६६ टक्क्यांपर्यंत उतरतो. वजन वाचते ते वाचतेच, शिवाय पातळ पाचर पदार्थात कमी श्रमाने शिरते. सफरचंदाची फोड जाड पात्याने फुटते, पातळ पात्याने कापली जाते. म्हणून कापण्यापुरता पात्याचा पातळपणा हा त्यागच नव्हे. डब्याचे झाकण उचकटणे हा मात्र बाजूचा जोर आहे आणि त्या कामी तो दोष ठरतो.

मुठीची गोष्ट निराळी आहे. दोन पट्ट्या परस्परांपासून जितक्या दूर आणि जितक्या घट्ट जोडलेल्या, तितकी त्यांची जोडी ताठ. मूठ कृश केली की पट्ट्यांमधील अंतर घटते. द्रव्य तेवढेच ठेवले तरी ताठरपणा जातो. लाघवासाठी लायनर आखूड केला की जोड विरळ होते आणि ताठरपणा पुन्हा जातो. कृशता आणि लाघव येथे एकाच गुणाचा घास घेतात. बगआउटची मूठ मागच्या बाजूला चिमटीत धरून दाबली तर किंचित आत लवते, ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. कारखान्याने पुढे कार्बनतंतूमिश्रित, अधिक ताठ द्रव्याची मूठ असलेला प्रकारही काढला. तक्रार यथार्थ असली, तरी तिचे महत्त्व कमी आहे. मूठ लवते म्हणून पाते हलत नाही, कारण पात्याला धरणारा पोलादाचा भाग पुढे शाबूत असतो.

आता लॉक. त्याच्या विचारापूर्वी जोराच्या दिशांत भेद केला पाहिजे. नेहमीच्या कापण्यात पदार्थाची प्रतिक्रिया पात्याला अधिक उघडण्याच्या दिशेने लोटते. हा जोर सांध्याजवळची थांब-पिन घेते, लॉकवर त्याचा भार पडत नाही. पाते मिटण्याच्या दिशेचा जोर तीन प्रसंगी येतो: टोक खुपसताना, रुतलेले पाते ओढून काढताना आणि पाठीवर आघात झाल्यास. लॉक या तीन प्रसंगांसाठीच असतो. लिफाफे, दोऱ्या, फळे आणि पुठ्ठे एवढ्यापुरता वापर असणाऱ्यास पाठीच्या स्प्रिंगने धरलेले, लॉकविरहित पाते पुरेसे आहे आणि ते अधिक कृशही बनवता येते. हे मत आजच्या बाजाराच्या विरुद्ध जाते. तथापि गणित त्याच्या बाजूने आहे.

मिटण्याच्या जोराचे परिमाण तरफेच्या नियमाने निघते. लॉकचा स्पर्शबिंदू सांध्याच्या केंद्रापासून ८ मिलिमीटर दूर आणि जोर ६४ मिलिमीटरवर पडतो असे धरले, तर पात्यावरील ५ किलोचा जोर लॉकवर ४० किलोचा होऊन येतो. ढिलाईलाही हाच नियम लागू पडतो. लॉकच्या स्पर्शबिंदूशी मिलिमीटरचा विसावा भाग एवढी फट असली, तर ८० मिलिमीटरवरील टोक अर्धा मिलिमीटर हलते. ही हालचाल डोळ्याला क्वचितच दिसते, पण टोक बोटाने हलवताच ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि चाकू हलक्या प्रतीचा वाटू लागतो. या दोन्ही हिशेबांतील ८ मिलिमीटरचे अंतर मुठीच्या रुंदीत मोजले जाते, जाडीत नव्हे. पाते बाजूला डुलू नये यासाठी लागणारा वॉशरचा व्यासही रुंदीतच मोजला जातो. तेव्हा कृशता जाडीत साधावी आणि रुंदी राखावी, हा रचनेचा दुसरा नियम झाला. जो चाकू रुंदीतही चिंचोळा करून पेनासारखा केला जातो, त्यात लॉकला उभे राहण्यास जागा उरत नाही.

लॉकचे प्रकार थरांच्या दृष्टीने पाहता येतात. ओपिनेलचे १९५५ सालचे पोलादी कडे सांध्याभोवती फिरते व उघड्या पात्याच्या बुडामागे फट बंद करते. ते मुठीच्या बाहेरून असल्याने आत थर वाढवत नाही, मात्र त्यासाठी मूठ सांध्यापाशी गोल असावी लागते. पाठीचा लॉक, जो अमेरिकेत १९६४च्या बक कंपनीच्या ११० क्रमांकाच्या चाकूने सर्वतोमुखी झाला, पात्याच्या मागे त्याच प्रतलात बसतो. म्हणून जाडीची किंमत शून्य, परंतु पोलादाची सळई वजनात भर घालते. लायनर व फ्रेम लॉकचा विचार वर आलाच आहे.

बगआउटमधील अ‍ॅक्सिस लॉक बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स यांच्या कल्पनेतून निघाला. त्यात एक लहान पोलादी दांडा मुठीला आडवा जातो आणि दोन्ही लायनरांतील तिरप्या खाचांत मागेपुढे सरकतो. केसासारख्या तारेच्या दोन स्प्रिंगा, प्रत्येक बाजूस एक, त्याला पुढे लोटतात. पाते पूर्ण उघडले की दांडा बुडावरील उतारावर चढतो आणि बूड थांब-पिन व दांडा यांच्यामध्ये अडकते. झीज झाली तर दांडा उतारावर थोडा पुढे जाऊन बसतो. ढिलाई आपोआप भरून निघते. पाते मिटलेले असतानाही तोच दांडा बुडावर दाब देऊन त्याला मिटलेले ठेवतो. दोन कार्ये एका भागाकडे आली आणि डावखुऱ्यालाही तो तितकाच सोयीचा राहिला. दोष असा, की दांड्याला दोन्ही बाजूंचे लायनर लागतातच, त्यामुळे एका बाजूचा लायनर पूर्णपणे काढून टाकण्याचा मार्ग येथे बंद होतो. शिवाय तारेची स्प्रिंग कालांतराने तुटू शकते. एक तुटली तरी दुसरी काम चालवते, ही दोन स्प्रिंगांची उपयुक्तता पहिली तुटेपर्यंत लक्षात येत नाही.

पाते उघडण्याच्या साधनांचीही अशीच किंमत मांडता येते. नखाची खाच काहीच जागा घेत नाही, पण दोन हात लागतात. अमेरिकेतील स्पायडरको कंपनीने १९८१ साली पात्यालाच गोल भोक पाडले. ते जाडी वाढवत नाही, मात्र पात्याला कुबड आणते आणि रुंदी वाढवते. बगआउटमधील अंगठ्याची खुंटी रुंदी वाढवत नाही, ती जाडीतून बाहेर डोकावते.

पोलादाविषयी थोडक्यात. पातळ धारेला कडकपणा आणि चिवटपणा दोन्ही लागतात. बगआउटचे मूळ पाते भुकटी धातुकर्माने बनवलेल्या एस३०व्ही पोलादाचे असून त्यात सुमारे १.४५ टक्के कार्बन, १४ टक्के क्रोमियम व ४ टक्के व्हॅनेडियम असते. भुकटीच्या पद्धतीमुळे व्हॅनेडियमचे कठीण कण बारीक व समप्रमाणात विखुरतात. धार टिकते, घरच्या साध्या दगडावर ती परत लावणे मात्र वेळखाऊ होते.

चाकूला दोन धनी असतात: खिसा आणि हात. त्यांच्या मागण्या विरोधी आहेत. हाताला गोल व भरीव मूठ हवी, कारण तोच जोर मोठ्या पृष्ठभागावर पसरला तर तळव्यावर दाब कमी पडतो. खिशाला चपटी वस्तू हवी. चाकू बहुतेक वेळ खिशात असतो आणि हातात काही क्षण येतो, या हिशेबाने आधुनिक कृश चाकू खिशाच्या बाजूने निकाल देतो. जाड पुठ्ठ्यांची रास कापायला घेतली, की मुठीची कड बोटांच्या पेरांत रुतू लागते. कडा घासून गोल केल्याने त्रास कमी होतो, संपत नाही. ज्याचे काम सतत कापण्याचे आहे, त्याने ओपिनेल घ्यावा आणि खिशाचा फुगवटा सहन करावा. चाकू खिशाला अडकवण्याच्या क्लिपबाबत एक सूचना: माहितीपत्रकांत दिलेली जाडी बहुधा क्लिप वगळून असते, तेव्हा क्लिपसह जाडी मोजूनच कृशतेचा निर्णय करावा.

शेवटी कायदा, कारण तोही रचनेचे एक कारण आहे. ब्रिटनमध्ये १९८८च्या फौजदारी न्याय अधिनियमानुसार ३ इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू बाळगण्यास कारण द्यावे लागत नाही. पुढे न्यायनिर्णयाने ही सवलत लॉक असलेल्या चाकूंना नाकारली. लॉकविरहित, आखूड व कृश चाकूंचा आधुनिक प्रकार टिकून राहण्यास हा नियम मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे. जर्मनीत २००८पासून एका हाताने उघडून लॉक होणारे चाकू योग्य कारण असल्याखेरीज सार्वजनिक जागी बाळगता येत नाहीत. बगआउट नेमका त्या वर्गात मोडतो. भारतात शस्त्र अधिनियमाखालील नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा विचार केला असून घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारे त्यांतून वगळली आहेत. येथे वर्णिलेला चाकू त्या मापांच्या कितीतरी आत आहे. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खालील मनाई आदेश जारी असताना सुऱ्याचाकू घेऊन फिरण्यास बंदी असते. विमानप्रवासात असा चाकू हातातील सामानात चालत नाही; तो आधीच विमान कंपनीकडे सोपवायच्या बॅगेत ठेवून द्यावा.